करकरणारं मशीन

वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकू सल्ला मागायच्या त्या तो मोडायलाच. डॉक्टरांनी त्यांना गुडघ्यांना दणका न बसणारा व्यायाम घरीच करायला सांगितला, तेव्हा इलिप्टिकल ट्रेनर निवडायला त्या मला राजारामपुरीतल्या दुकानात घेऊन गेल्या. देवळात शिरावं तशा चपला काढून, पदर खोचून त्या प्रत्येक मशीनवर चढल्या. “एवढं पाय मारतोय, आन् हाय तितंच की!”

दुकानदाराने अजिबात आवाज न करणारं नवं मशीन दाखवलं. काकूंनी कोपऱ्यातलं, नमुन्याला ठेवलेलं करकरणारं पसंत केलं.

“तेल घालून देतो,” तो म्हणाला.

“हात लावू नगा!” काकू कडाडल्या.

मी चक्रावलोच. रिक्षात विचारलं, “काकू, वाजणारं कशाला?”

“तू खालीच ऱ्हातोस न्हवं? सकाळी करकर ऐकू आली, तर मी हाय. न्हाय आली, तर वर ये.” आणि त्यांनी घराची जादा किल्ली माझ्या हातात कोंबली.

ती विनंती होती की हुकूम, मला अजून कळलेलं नाही. पण वरची करकर सुरू होईपर्यंत माझा सकाळचा चहा घशाखाली उतरत नाही.