वस्तादांची करंगळी

हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. इंजिनाच्या ज्या हेडमुळे काळेवाडीतल्या आमच्या वस्तादांनी आपलं काम सोडलं, ते हेड त्यांनी नाही, मी बिघडवलं होतं.

तुम्ही त्यांना कधी पाहिलं असेल तर करंगळीच आठवेल. इंजिनाच्या हेडमध्ये हवा आत शिरायची वाट असते, पोर्ट. त्यात ते करंगळी घालत, डोळे मिटत, मान कलती करत. कारखान्यातून ओतून आलेला पोर्ट आतून खडबडीत असतो, वळणावर उंचवटे असतात. ते वस्ताद हातातल्या ग्राइंडरने उतरवायचे. हवा मोकळी आत गेली की तेवढ्याच पेट्रोलवर गाडी जास्त ओढते.

"भोक मोठं करणं म्हंजी काम न्हाई लेका. वाऱ्याला वळायला जागा दे."

करंगळीने एकदा 'बस' म्हटलं की परत तपासायचं नाही, हा त्यांचा नियम. "दुसऱ्यांदा इचारलं की बोटाला राग येतो."

मी चाकणला एका कंपनीत सुपरवायझर. गुरुवारच्या सुट्टीला त्यांच्याकडे शिकायला जायचो. बोटावर माझा भरवसा नव्हता. म्हणून जुना व्हॅक्यूम क्लीनर आणि पाणी भरलेली नळी जोडून मी हवा मोजायचं यंत्र केलं. पाणी जितकं चढेल तितकी हवा जास्त. वस्तादांनी ते चारी बाजूंनी न्याहाळलं. "छान हाय. त्यातलं पाणी पिता येतं का?"

देहूरोडच्या एका निवृत्त सुभेदारांची जीप होती, रॅलीसाठी तयार करायची. तिच्या हेडमध्ये करंगळी घालून वस्ताद म्हणाले, "बस. इथून पुढं भिंत पातळ हाय, पलीकडं इंजिन गार ठेवायचं पाणी." आणि जेवायला गेले.

माझ्या नळीतलं पाणी मात्र अजून चढेल असं मला वाटत होतं. मी ग्राइंडर उचलला. थोडंसंच घेतलं. पाणी बोटभर वर गेलं आणि मी एकटाच खूश झालो. वस्तादांनी नियमाप्रमाणे परत तपासलं नाही.

पुढच्या आठवड्यात घाटात ती भिंत फुटली, पाणी इंजिनात गेलं. सुभेदार हेड घेऊन आले. वस्तादांनी आधी पोर्टमध्ये पाहिलं, मग करंगळीकडे.

"माझं बोट चुकलं, साहेब."

मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं, आणि मिटलं.

त्यानंतर त्यांनी पोर्टला हात लावला नाही. पंक्चर काढू लागले. म्हाताऱ्याचं बोट गेलं, असं गल्लीत बोललं जायचं. आठ वर्षं मी दर गुरुवारी सांगायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो.

गेल्या महिन्यात ते कायमचे लातूरला, लेकीकडे निघाले. सामान बांधायला गेलो होतो. सुतळीला गाठ मारता मारता एका दमात सगळं सांगून टाकलं.

"हळू सांग की. घाई कशाला करूलालास?"

परत सांगितलं.

"किती घेतलंस?"

"अर्धा मिलिमीटर असेल."

"म्हंजी माझं बोट बरोबर होतं?"

"होय, वस्ताद."

"अरे गाढवा, मी नसांच्या डॉक्टरकडं जाऊन आलो! त्यो म्हणाला, बोट चांगलं हाय. मी म्हटलं, ह्याला काय कळतंय!"

खोकला येईपर्यंत हसले. मग मी बांधलेलं गाठोडं सोडून त्यांनी एक जुनं हेड बाहेर काढलं, करंगळी आत घातली, डोळे मिटले. "उंचवटा हाय," म्हणाले. मला रडू आवरत नव्हतं, आणि इतकं हलकंही आठ वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

आता त्या गाळ्याला दुसऱ्याचं कुलूप आहे. परवा वस्तादांचा फोन आला. जावयाच्या मोटरसायकलचं हेड खोलून बसलेत, जावई पायी कामावर जातोय.

देहूरोडला मी अजून गेलेलो नाही. चूक माझी होती, हे सुभेदारांसमोर उभं राहून सांगणं बाकी आहे.