समासातली कबुली

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, आमच्या सोसायटीच्या फाटकावर. करणारा मी. आरोपी कोण ते पत्रकाच्या शेवटासाठी राखून ठेवायचं नसतं, असं मला संघटनेत शिकवलेलं आहे.

आत्या सरकारी इस्पितळातली नर्स. ती निवृत्त झाली, दिल्लीतलं सरोजिनी नगरचं क्वार्टर सुटलं आणि आम्ही दोघं यमुनेपलीकडच्या नव्या सोसायटीत आलो. गच्चीवर डिश अँटेना, नळाला पाणी दिवसातून एकदाच. भिंतीमागे, हेच फ्लॅट बांधलेल्या मजुरांच्या झोपड्या. त्यांना सोसायटीचा एक नळ होता. कमिटीने एका अर्जावर रहिवाशांच्या सह्या गोळा करून तो बंद केला. मी पेटलो, पत्रक लिहायला घेतलं.

आत्याची शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची रीत मला वेळकाढूपणा वाटायची. सकाळी चहाआधी एकच वचन. त्यावर बोट ठेवून बसायची. ओठ हलायचे, मग थांबायचे, समोरचं कुणी बोलत असल्यासारखे. मग समासात पेन्सिलीने दोन ओळी.

"आठवडाभर एकाच ओळीवर?"

"मग काय, तुझ्यासारखे मथळे वाचून उठू? तो बोलायला लागला की मी बस पकडायला पळू?"

पत्रकासाठी मला तहानेल्याला पाणी देण्याबद्दलचं वचन हवं होतं. ती बाजारात गेली असताना तिचं शास्त्र उघडलं. वचन सापडलं आणि शेजारी तिचं अक्षर. त्या अर्जावर आपणही सही केली, असं तिने देवाला सांगितलं होतं. शब्द इथे लिहीत नाही, एकदा छापले तेवढे पुरे. मी ते हिंदीत केले आणि खाली टाकलं, 'इसी सोसायटी की एक बुज़ुर्ग नर्स'.

रविवारी ती उपासनेहून आली. झावळी हातात, रिक्षातून उतरते तर फाटकावर माणसं माझं पत्रक वाचतायत. कुणीतरी म्हणालं, "सिस्टर जी, आप तो बड़ी सच्ची निकलीं!" बाकीचे हसले.

घरात येऊन तिने कागद माझ्यापुढे ठेवला.

"नाव नाही छापलं, आत्या."

"अच्छा. इथे म्हाताऱ्या नर्सा किती आहेत रे?" मग खाली बसून म्हणाली, "मी त्याच्याशी बोलत होते. तुझ्याशी नाही."

दोन दिवसांनी नळ सुरू झाला. साथींनी माझी पाठ थोपटली. घरी आलो तर आत्या खोडरबर घेऊन बसलेली, पानामागून पान, कितीतरी वर्षांचे समास. चुरा झटकत म्हणाली, "आता त्याच्याशी बोलताना दाराकडे लक्ष जातं."

मागणी रास्त होती, यार, नळ मिळाला, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पटेना. शेवटी तेच वचन घेऊन तिच्यासारखा बसलो. पहिल्या दिवशी त्यातून घोषणा निघाली. दुसऱ्या दिवशी मथळा. तिसऱ्या दिवशी काहीच निघेना, म्हणून नुसता बसून राहिलो. आणि मला आमचं दार आठवलं. दारात कमिटीचा माणूस अर्ज घेऊन उभा, आत्या चष्मा शोधतेय, आणि मी आतून ओरडतोय, "कर ना सही, पाण्याचंच काहीतरी असेल! जाऊ दे त्याला!" मला एक पत्रक संपवायचं होतं. गरिबांच्या हक्कांवरचं.

समासात तिने माझा उल्लेखही केला नव्हता. सगळं स्वतःवर घेतलं होतं.

आवाज वगैरे काही ऐकू आला नाही. पण त्या खोलीत मी एकटा नव्हतो, आणि माझ्या एकाही युक्तिवादाचा तिथे उपयोग नव्हता. पोलीस चौकीत रात्र काढली तेव्हाही मी मान खाली घातली नव्हती. तिथे घातली.

आत्याला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. मला काय सांगतोस? ज्याने आठवण करून दिली त्याला सांग." पण समासात ती पुन्हा लिहीत नाही. ते मी तिला परत देऊ शकत नाही.

म्हणून तुमच्याकडे, हे वाचणाऱ्याकडे, मागणी करतो. शेजाऱ्याच्या तोंडावर मारायला वचन शोधत असाल तर शास्त्र मिटून ठेवा. उघडायचं तर स्वतःचं उघडा. एक ओळ घ्या, आणि तिने तुम्हाला तुमच्याच दारात उभं करेपर्यंत उठू नका.