तंबाखू लागलेली चार माणसं

ते प्रकरण आठवलं की अजून छाती फुगते, आणि जरा शरमही वाटते. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बेळगावच्या रेल्वे पोलीस ठाण्यात मी फौजदार होतो. तेव्हा मिरजेपर्यंत आमची मीटरगेज. पुढं मोठी लाईन. म्हणून मिरजेत सगळा माल हमाल एका वाघिणीतून दुसरीत टाकत.

अशाच एका वाघिणीत निपाणीची तंबाखू होती. मिरजेत दार उघडलं तर चाळीस पोत्यांत नुसता भुसा. सील मात्र शाबूत. म्हणजे भरतानाच हात मारला, असं सगळ्यांनी ठरवलं आणि बोट गेलं बेळगावच्या मालधक्क्यावरच्या मुकादमाकडं. येळ्ळूरचा माणूस, हाताखाली बारा हमालांची टोळी. खबऱ्यानंही त्याचंच नाव दिलं. गुन्हा शाबित झाला असता तर त्याचा हमालीचा बिल्ला गेला असता आणि टोळीच्या चुली विझल्या असत्या.

दोन दिवस मी त्याला ठाण्यात बसवून ठेवलं. "पोती कुठं लपवलीस?" हा एकच प्रश्न, आणि "म्या न्हाय, साहेब" हे एकच उत्तर. तिसऱ्या दिवशी मीच कंटाळलो. चहा मागवला आणि सहज म्हटलं, "अरे, तू नाहीस तर मग कुणी?"

त्यानं बशी खाली ठेवली. "वाघीण वाटंत कुटं थांबलती का बघा, आणि तिथल्या डाक्टरला इचारा. आमास्नी सवय हाय. पर नव्या माणसानं उघड्या अंगानं तंबाखूची पोती उचलली की घामातनं लागतीया. लई चक्कर, वांत्या."

थांबली होती. एक्सल तापला म्हणून एका लहान स्टेशनात गाडीपासून कापून दोन दिवस बाजूला ठेवली होती. मी तडक निघालो. गावचा डॉक्टर म्हणाला, "खाणीवरचे चार गडी ओकत आले होते खरे. जेवण बाधलं असेल म्हणून मी औषध दिलं." चौघांनी उभ्याउभ्या कबुली दिली. त्यांच्या खाणमालकाच्या छपरात, कडब्याखाली, चाळीसच्या चाळीस पोती सापडली. सील दाबायचा बनावट चिमटाही. आमचा खबऱ्या त्या मालकाचाच माणूस निघाला.

कोर्टाच्या हुकमानं मुद्देमाल सुटला, तेव्हा तीच पोती त्याच मुकादमानं पुन्हा चढवली. दंडावर बिल्ला होता. टोळी अशी भिडली की सारा मालधक्का बघत उभा राहिला. मी जवळ जाऊन म्हटलं, "मुकादम, पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का?"

"सांगिटलं असतं की," पोतं पाठीवर घेत तो म्हणाला. "पर तुमी चोराला इचारत हुता, साहेब. हमालाला इचारलंच न्हाय."

त्यापुढं निवृत्त होईपर्यंत, कुणालाही समोर बसवलं की पहिला प्रश्न मी त्याच्या कामाबद्दल विचारला.