टीव्हीतल्या म्हाताऱ्याचा दहावा

काशीला मरायला येणारी माणसं पुष्कळ. पण काशीत बसून, दुपारच्या जेवणानंतर, रोज चौदा-चौदा वेळा मरणारा आणि दर वेळी ‘ठहर बेटा, आत्ता परत येतो’ म्हणत उठून बसणारा माणूस त्रिखंडात एकच. आणि तो नेमका माझ्या सासरचा निघावा, हे माझ्या पत्रिकेतच असणार. हे माझ्या बायकोचे सख्खे काका. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत राहतात. चाळीस वर्षं त्यांनी वेदपाठशाळेत शिकवलं आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं-पक्षही केले. हजारोंच्या वाडवडिलांना त्यांनी स्वर्गात नीट जागा बघून बसवून दिलं. स्वतःच्या पोटी मात्र मूल नाही. ‘दुनियाभरचे पिंड पाडले, आमचा पाडायला कोणी नाही,’ असं ते दूधवाल्यालासुद्धा हसत हसत सांगत. सांगताना एकदा माझ्याकडे बघत आणि चटकन विषय बदलत. मी बँकेतला माणूस, बदलीवर बनारसला आलेला, दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाणारा. ते बघणं मला कळायचं, आणि मी आणखी थोडी आमटी वाढून घ्यायचो.

काकांच्या घरात व्हिडिओ गेम शिरला तो माझ्या मेहुण्यामुळे. तो परदेशी जाताना आपलं यंत्र ‘काही दिवस ठेवा’ म्हणून ठेवून गेला. काकांनी पहिले दोन महिने त्यावर पंचांग ठेवलं. मग एका दुपारी वीज होती, झोप नव्हती आणि काकू कथेला गेल्या होत्या, एवढ्या भांडवलावर त्यांनी ते लावलं. गेम अद्‍भुत गोष्टीचा होता. एक तरणी पोर, तिच्या भावाला एका चेटकिणीने दगड केलेलं, आणि त्याला सोडवायला ही सात राज्यं पालथी घालत निघालेली. वाटेत राक्षस, बोलणारी झाडं, बर्फाचे डोंगर. काका संध्याकाळची संध्या विसरले नाहीत, पण त्या दिवशी ती त्यांनी जरा भरभर केली, असं काकू सांगतात.

हातातल्या त्या खटक्यावरची त्रिकोण, चौकोन, गोल अशी बटणं बघून कोणालाही पोरखेळ आठवेल. काकांना होमकुंडं आठवली. ‘यात काय शिकायचं, जावईबापू? त्रिकोणी कुंड शत्रूच्या नाशाला, म्हणजे त्रिकोण दाबला की तलवार. वर्तुळाकार शांतीला, म्हणजे गोलाने ढाल. कोणी विद्वान माणसाने बनवलंय.’ मी विचारलं, ‘आणि ही फुली?’ तर म्हणाले, ‘फुली म्हणजे उडी. उडीला शास्त्रात आधार नाही, पण आपद्धर्म म्हणून मारतो.’ त्यामुळे खेळात जिथे उडी मारायची तिथे ते आधी क्षणभर संकोचत आणि त्या क्षणात पोरगी दरीत जाई. राहुकाळात त्यांनी एकाही राक्षसाला हात लावला नाही. एकदा एक दोन डोक्यांचा राक्षस समोर गुरगुरत उभा असताना यांनी गेम थांबवून दीड तास वाट बघितली. काकू म्हणाल्या, ‘अहो, तो बिचारा ताटकळलाय.’ काका म्हणाले, ‘त्याच्याही भल्याचं आहे. अमृतवेळेवर मरेल.’

पण त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट मडक्यांचा. या खेळात गावोगाव मडकी ठेवलेली असतात, ती फोडली की सोन्याच्या मोहरा निघतात. त्यातून नवी तलवार, नवं चिलखत घ्यायचं. काकांनी एकही मडकं फोडलं नाही. ‘मडकं माणूस गेल्यावर फोडतात, तेही एकदा. कोणाच्या घरात घुसून खामखा मडकी फोडायची, हा काय तमाशा आहे?’ परिणामी सहाव्या राज्यात पोचली तरी त्यांची नायिका पहिल्या दिवशीच्या फाटक्या अंगरख्यात आणि गंजक्या तलवारीनिशी लढत होती. काकूंना तिची फार काळजी. त्या जपमाळ घेऊन शेजारी बसत आणि दर अर्ध्या तासाने विचारत, ‘हिला जेवायला कधी घालतात हो? आणि बर्फात काही गरम कपडे तरी द्या पोरीला.’ काका त्यातले इंग्रजी संवाद त्यांना मराठीत करून सांगत, तेही पुराण सांगितल्याच्या सुरात. त्यामुळे चेटकीण काकूंना कैकेयीपेक्षा फारशी वाईट वाटलीच नाही. गल्लीत तर हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. घाटावर उतरले की नावाडी ओरडत, ‘का गुरू, आज कै ठो राक्षस मारे?’ आणि काका गंभीरपणे उत्तर देत, ‘दो मारे. तीसरे ने हमें मार दिया.’

त्या पोरीबरोबर एक म्हातारा असे. एका डोळ्याने आंधळा, हातात कंदील, वाटाड्या म्हणून आलेला आणि मग सोबतच राहिलेला. त्याला पुढे-मागे कोणी नव्हतं. तसं तोच एकदा शेकोटीजवळ बोलून गेला. त्या दिवसापासून काकांचा जीव त्याच्यात अडकला. त्यांनी आधी त्याच्या गोत्राची चौकशी केली. ते काही कळेना, तेव्हा ‘गोत्र ठाऊक नसलं की काश्यप’ या नियमाने त्याला काश्यप करून टाकलं. लढाईत स्वतःच्या नायिकेआधी ते म्हाताऱ्याला औषध पाजत. मी म्हटलं, ‘काका, तो आपोआप बरा होतो.’ काका म्हणाले, ‘म्हातारा माणूस आपोआप बरा होत नसतो, जावईबापू.’

मग एके दिवशी भर दुपारी बँकेत फोन आला. काकांचा आवाज बसलेला. ‘म्हातारा गेला.’ एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. गल्लीत म्हातारे बरेच. कोणता, हे विचारायची ती वेळ नव्हती. मी साहेबांना ‘सासरी मयत झालंय’ म्हणून सांगितलं, उपरणं खांद्यावर टाकलं आणि रिक्षाने निघालो. बघतो तर काका-काकू टीव्हीसमोर सुन्न बसलेले. खेळात पूल कोसळत होता, पोरीला पलीकडे जाता यावं म्हणून म्हाताऱ्याने दोर धरून ठेवला आणि पुलाबरोबर स्वतः खाली गेला. काकांनी मागे जाऊन तो प्रसंग वीस वेळा खेळला होता. ‘काहीतरी बटण असेल,’ ते म्हणत होते. बटण नव्हतं, गोष्टच तशी लिहिलेली. मी साहेबांना काय सांगायचं या विवंचनेत असताना काकांनी यंत्र बंद केलं, त्यावर धुतलेलं फडकं घातलं आणि दहा दिवसांचं सुतक जाहीर केलं.

काकू म्हणाल्या, ‘अहो, तो आपला कोण?’ त्यावर काका म्हणाले, ‘तर्पणात आपण सापांना पाणी देतो, झाडांना देतो, डोंगरांना देतो. हा तर माणूस होता. आठ महिने घरात राहिला. टीव्हीत का होईना.’ शास्त्राचा प्रश्न मिटला. केशवपनाचाही उद्‍भवला नाही, कारण ते काम निसर्गाने आधीच उरकलं होतं.

त्याच दहा दिवसांत माझ्या बदलीची ऑर्डर आली. लातूर. महाराष्ट्रात परत जायला मिळणार म्हणून खूश व्हावं अशी बातमी. पण काकांना कसं सांगायचं, हे मला सुचेना. रोज सांगीन म्हणायचो आणि रोज राहायचं. बायकोने काकूंच्या कानावर घातलं, एवढं मला माहीत होतं.

दहाव्याला सकाळी आम्ही तिघं पंचगंगा घाटावर उतरलो. काकांनी पिंड केला, पानावर ठेवला आणि आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो. कावळा आला, पण पंड्याच्या छत्रीवर बसून राहिला. जाणाऱ्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग कोणीतरी मोठ्याने शब्द द्यायचा, ही आपली रीत. काकांनी हात जोडले. ‘तुझा कंदील त्या पोरीला सांभाळून देईन.’ कावळा ढिम्म. ‘तिच्या भावाला सोडवल्याशिवाय राहणार नाही.’ कावळ्याने पंख साफ केले. ‘बरं, मडकी फोडीन. तिला चांगली तलवार घेईन.’ चाळीस वर्षं वेद शिकवलेल्या माणसाने एवढी माघार घेतली, तरी कावळा गंगेकडेच बघत होता. एका नावाड्याने हळूच विचारलं, ‘गुरू, कौन गुजर गया?’ काका म्हणाले, ‘एक सज्जन थे. आगे-पीछे कोई नहीं था.’

हे बोलताना त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. ते दुसऱ्या कोणाबद्दल बोलत होते, यावर त्या घाटावर फक्त त्या नावाड्याचाच विश्वास बसला असेल. काकूंनी माझ्या दंडाला हात लावला. ‘तुम्ही बोला काहीतरी,’ त्या म्हणाल्या. मला लाज वाटत होती. चार लोक बघत होते, समोर एका न जन्मलेल्या माणसाचा पिंड होता आणि खिशात लातूरचा कागद. तरी मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘मी येईन. कुठेही असलो तरी, कळलं की निघेन. सगळं माझ्या हाताने करीन.’

कोणाचं, ते मी बोललो नाही. कावळ्याने तरी उगाच विचारलं नाही. उतरला, दोन चोची मारल्या, थोडा भात पायरीवर सांडला आणि उडून गेला.

काकांनी गंगेत हात धुतले. ते पंच्याला पुसले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, ‘लातूरहून इथे सीधी गाडी आहे?’

‘नाही. मध्ये बदलावी लागते.’

‘म्हणजे दीड-दोन दिवस धरा.’ त्यांनी मनाशी हिशेब केला आणि मान हलवली. ‘चालेल. यमाला सांगून ठेवतो मी. थोडा थांबेन. तुम्ही घाई करू नका, रस्त्यात नीट जेवा.’

मला हसायचं होतं. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही पायऱ्या चढायला लागलो. काकू पुढे होत्या, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.