डाव्या हाताचा विळा आणि लॅपटॉप

अठरा नोव्हेंबर. नाचणी झोडून झाली होती, पाखडायची बाकी होती. सूप हातात घेतलं तोच निरोप आला: गटाचा लॅपटॉप आलाय, शिकवायला महाडहून एक मुलगी आलीये, लगेच या. सूप भिंतीला टेकवलं आणि निघाले.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. आमचा बायकांचा गट नाचणीचे पापड करून मुंबईला पाठवतो. गेल्या वर्षी ऑर्डरी माझ्या दिराच्या मोबाईलवर यायच्या. पापड आम्ही लाटायचो आणि गिऱ्हाइकं त्याला शेठ म्हणायची. भावही तोच ठरवायचा. आता लॅपटॉप कुणी सांभाळायचा, हे दुसऱ्या दिवशी सकाळी देवळातल्या बैठकीत ठरणार होतं. लॅपटॉप ज्याच्या हातात, त्याच्याच हातात धंदा जाणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

समाजमंदिरात पोचले तर दीर आधीच पुढे बसलेला. मुलीने नीट समजावलं. खालच्या गुळगुळीत पट्टीवर बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण हलतो. पट्टीखाली दोन बटणं. डावं दाबलं की बाणाखाली जे असेल ते निवडलं जातं, दोनदा भराभर दाबलं की उघडतं. उजवं दाबलं की त्याचं काय काय करता येईल त्याची यादी येते. यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

माझी पाळी आली. ऑर्डरीवर बाण नेला, बटण दाबलं. यादी आली. पुन्हा दाबलं, पुन्हा यादी.

"वहिनी, डावं-उजवं कळत नाय आणि लॅपटॉप पायजे?" दीर म्हणाला. बायकासुद्धा हसल्या.

"गो, तुझा हात बघ की," शेजारीण म्हणाली.

मी डावरी. डावा हात पट्टीवर ठेवला की अंगठा आपोआप उजव्या बटणावर पडतो.

"मावशी, उजव्या हाताने करून बघा ना," मुलगी म्हणाली.

तिची चूक नव्हती, पण माझं डोकं फिरलं. लहानपणी जेवायला बसले की आई माझ्या डाव्या हाताला चिंधी बांधायची. लग्नानंतर हळदीकुंकू लावताना सासूचा डोळा माझ्या हातावर. ते ठीक. देवाला आणि पानावर वाढायला उजवा हात, तेवढं मी पाळलं. कामाला मात्र नाही. बाजारातल्या विळ्याचे दाते उजव्या हातासाठी कापलेले असतात. सासरच्या पहिल्या कापणीत मी सगळ्यांच्या मागे राहिले, तशी पोलादपूरला जाऊन लोहाराकडून उलट्या दात्यांचा विळा घडवून घेतला. पुढच्या कापणीत मागे कोण राहिलं ते दिराला विचारा.

"उजव्या हाताने नाही," मी म्हणाले. "लोहाराने मला विळा उलटा करून दिला. या बटणांची अदलाबदल होत नाही?"

"होते की," ती म्हणाली. "सेटिंगमध्ये आहे. आजवर कुणी विचारलंच नाही. करून देऊ?"

"नको. दाखव, मी करते."

त्या सेटिंगपर्यंत जायला उजवा हात लागला. तेवढ्यापुरता वापरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात दिराने लॅपटॉप स्वतःपुढे ओढला. "मी दावतो सगळ्यांना." डावं बटण दाबलं. यादी आली. परत दाबलं. परत यादी.

"बिघडवला वहिनीनं!"

"बिघडला नाय, भावोजी. माझ्या हाताचा केलाय. शिकायचं असेल तर डाव्या हाताने शिका."

या वेळी बायका हसल्या त्या त्याला. मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला, मुंबईची ऑर्डर उघडली आणि बायकांनी सांगितला तो भाव लिहून धाडला. मग लॅपटॉप पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली आणि घरी येऊन नाचणी पाखडायला बसले.