काल तर नीट बसवलं होतं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. सख्ख्या बहिणीपाशीसुद्धा नाही. जन्मभर शाळेत मुलींना ‘खरं बोला गं’ म्हणून दटावत आले मी, आणि — हसू नका — घरी येऊन या एका गोष्टीवर पांघरूण घालत राहिले. आता तुम्ही समोर बसलाच आहात तर ऐका. मध्ये अडवू नका मात्र. एकदा थांबले तर पुन्हा सुरू व्हायची नाही मी.

गोष्ट तशी गाडीची आहे. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या गाडीची. ऐंशीच्या दशकातली. अण्णा कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, आई आधीच गेलेली, बहीण लग्न होऊन सासरी. नाशिकरोडच्या आमच्या घरात आम्ही दोघंच, आणि दारात जुनी अँबॅसिडर. अख्ख्या कॉलनीत तेवढी एकच गाडी. कुणाची सून अडली, कुणाला वणीच्या गडावर जायचंय, कुणाला नवरी आणायचीय, की अण्णा शर्टाच्या बाह्या दुमडत निघालेच.

आणि गाडीला परका हात लावू द्यायचे नाहीत हं! रविवारी अंगणात वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर कार्बोरेटर उघडायचा, आणि शेजारी मी. लहानपणापासून. प्लग काढून माझ्या नाकाशी धरायचे. “सांग कुंदे, काय म्हणतेय बया?” काळा, काजळी धरलेला असला म्हणजे पेट्रोल जास्त पितेय. विटकरी असला म्हणजे तब्येत झकास. मी बरोबर सांगितलं की असे खूश व्हायचे, जशी काही मी बोर्डात आले!

त्या कार्बोरेटरमध्ये एक छोटी वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठतं. आत एक पोकळ फ्लोट तरंगत असतो. आपल्या संडासाच्या टाकीत असतो ना, तसाच. वाटी भरत आली की तो वर येतो, एक पत्ती उचलतो आणि पेट्रोल बंद होतं. ती पत्ती जराशी वाकली की पेट्रोल उशिरा बंद होतं, वाटी भरून वाहते, गाडी काळा धूर ओकायला लागते. पत्तीचं माप घ्यायला अण्णांनी आईची स्वेटरची सुई ठेवली होती. ती पत्तीखालून अलगद सरकली की काम फत्ते. हे मलाही येत होतं. अण्णांनीच शिकवलेलं.

बघा, मी किती सांगतेय गाडीबद्दल. मुद्द्यावर यायचं जिवावर येतंय, दुसरं काय.

एकदा कॉलनीतल्या एका पोरीला बाळंतपणाला वणीला माहेरी सोडून आम्ही परत येत होतो. दिंडोरीच्या अलीकडे, डाव्या अंगाने एक दूधवाला सायकलवरून चाललेला, दोन्हीकडे कॅन. अण्णांनी गाडी सरळ त्याच्या अंगावर घातली. तो बिचारा सायकलसकट रस्त्याखाली गेला, दूध सगळं मातीत. मी मागे वळून पाहिलं — उठला, हात वर करून ओरडत होता. आणि अण्णा? अण्णा गुणगुणत होते. मला म्हणाले, “यंदा द्राक्षं चांगली दिसतायत गं.” त्यांना तो माणूस दिसलाच नव्हता. सायकल नाही, कॅन नाही, काहीच नाही.

तेव्हा ‘थांबा’ म्हणायला हवं होतं ना? नाही म्हटलं. घरी येऊन त्यांना पाणी दिलं आणि स्वयंपाकाला लागले.

त्यांना बाजूचं दिसत नव्हतं. घरातही मग माझ्या ध्यानात यायला लागलं — दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, ताटाशेजारची वाटी लवंडायची. आणि कॉलनीतली माणसं लेकरंबाळं घेऊन त्यांच्या भरवशावर गाडीत बसत होती. सांगायला तर हवंच होतं. पण कसं सांगायचं — अण्णा, आता गाडी चालवू नका, असं? आणि मीच? खरं सांगू, त्यांच्या रागाची भीती नव्हती मला. ते रागावले नसते. गप्प बसून किल्ली माझ्या हातात दिली असती. तो चेहरा मला बघायचा नव्हता. मला त्यांची लाडकी राहायचं होतं. बास.

म्हणून एका दुपारी, ते जेवून आडवे झाल्यावर, मी बॉनेट उघडलं. वाटीचं झाकण सोडवलं आणि पत्ती वाकवली.

एवढंच असतं तर कदाचित मी तुम्हाला सांगितलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी गाडी धापा टाकायला लागली, मागे काळा धूर. अण्णांनी प्लग काढला, हुंगला. “फ्लोट,” म्हणाले. पहिल्या फटक्यात! काय नाक होतं हो माणसाचं. झाकण उघडलं, चिमटीत धरून पत्ती सरळ केली, सुई सरकवून बघितली. संध्याकाळी कॉलनीतच एक फेरी मारली, गाडी मस्त. तेवढ्या फेरीतसुद्धा माझा जीव टांगणीला. मग दुसऱ्या दुपारी मी ती परत वाकवली.

त्यांनी परत सरळ केली. मी परत वाकवली.

किती दिवस चाललं हे, मी मोजलं नाही. धूर ओकणाऱ्या गाडीत ते कुणाला बसवणार नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. झालंही तसंच. लोक रिक्षा बोलवायला लागले. माझं काम झालं होतं. पण अण्णा रोज सकाळी त्या वर्तमानपत्रावर मांडी घालून बसायचे. सुई आत घालायचे, काढायचे, पुन्हा घालायचे. एक दिवस माझ्याकडे बघून म्हणाले, “काल तर नीट बसवलं होतं गं.”

आणि मी म्हणाले — इथंच अडकते मी, मनातल्या मनात सांगतानाही दर वेळी इथंच — मी म्हणाले, “तुम्हाला वाटलं असेल, अण्णा.”

पत्ती वाकवली ती माणसं वाचावीत म्हणून, असं मी मनाशी म्हणत आलेय. पण हे वाक्य? हे कुणाला वाचवायला बोलले मी? त्यांनी ते खरं मानलं. माझ्यावर विश्वास होता ना त्यांचा. सुई पुसून डब्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून बॉनेट उघडलं नाही.

गाडी कळवणच्या एका ओळखीच्या माणसाला द्यायची ठरली. अण्णांनी त्याला साफ सांगितलं, “पेट्रोल फार खाते. खोट मला सापडली नाही.” धुरकट गाडी त्याच्या गळ्यात कशी मारायची? तो न्यायला यायच्या जरा आधी अण्णा अंघोळीला गेले. मी पटकन पत्ती सरळ केली. सुईशिवायच, नुसत्या अंदाजाने. वाटलं, ते बाहेर येईपर्यंत गाडी गेलेली असेल.

पण ते आले. ओल्या केसांनी, टॉवेल खांद्यावर टाकून फाटकापाशी उभे राहिले. गाडी सुरू झाली — एकसुरी, स्वच्छ, जुन्या दिवसांसारखी. कळवणकर काच खाली करून ओरडला, “काका, काई खोट नाय हिच्यात! लय भारी हाय गाडी!” अण्णा मान तिरकी करून ऐकत राहिले, ती वळणापलीकडे जाईपर्यंत. मग दोन्ही तळहात समोर धरून बघितले.

“गाडी चांगलीच होती, कुंदे,” म्हणाले. “माझेच हात गेले.”

तेव्हा तरी बोलायचं! मी त्यांच्या शेजारी उभी होते, माझ्या बोटांना अजून पेट्रोलचा वास होता. आणि त्यांना तो आला नसेल का? त्या नाकाला? आला असला तरी माझ्याबद्दल तसा विचार करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. ते आत जाऊन बसले. मी चहा टाकला.

त्यानंतर अण्णांनी घरातलं काही दुरुस्त केलं नाही. फ्यूज उडाला की शेजारच्याला हाक. नळ गळला की “बघ गं कुणी मिळतंय का.” दोनेक वर्षांनी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. थोडं आधी आणलं असतं तर थेंब घालून बरीच नजर राखता आली असती, असं डॉक्टर म्हणाले. दूधवाला पडला तेव्हाच मी बोलले असते तर, असा त्याचा अर्थ. मी मान डोलावली आणि अण्णांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं.

शेवटी शेवटी त्यांना उजेड-अंधारही धड कळेना. तरी उशाशी बॅटरी लागायची. एका संध्याकाळी तिचे सेल संपले. नवे आणून मी त्यांच्या हातात दिले, म्हटलं, घाला. त्यांनी चाचपले आणि मला परत दिले. “तूच घाल, बाळ. माझ्या हाताला आता जमत नाही.”

मी घातले. बटण दाबलं.

“लागली?” त्यांनी विचारलं.

“लागली, अण्णा.”

ते हसले. किती प्रेमाने हसले, काय सांगू तुम्हाला. माझा हात चाचपून शोधला, आपल्या हातात घेतला आणि थोपटत म्हणाले, “तुझ्या हाताला यश आहे गं.”