हिरामावशीचा रानातला तास

निरीक्षणांसाठी म्हणून वही केली, तर तिच्यात माझीच फजिती साठत गेली! मी केडगावचा, शाळा अकोले तालुक्यातल्या डोंगरात. दर शुक्रवारी मुलांना रानात न्यायचं. विज्ञान मी सांगायचं, रान हिरामावशीनं. मावशी शेळ्या राखते, शाळेची पायरी कधी चढलेली नाही. हा तास वर्षभर ट्रायलवर होता. फेब्रुवारीत तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार, पसंत पडला नाही तर बंद! मला तो जिवापाड हवा होता, कारण त्या एकाच दिवशी पोरं जांभया देत नसत.

*

पहिल्याच शुक्रवारी मी मोबाईलवर उत्तर दिशा दाखवायला गेलो. ॲप म्हणालं, फोन हवेत गोल गोल फिरवा. मी फिरवत सुटलो.

"सर, माश्या लई झाल्यात व्हय?" मावशीनं विचारलं. तोवर पोरं उत्तरेला तोंड करून उभीसुद्धा होती.

*

एकदा मुंग्या अंडी घेऊन वर चढताना दिसल्या. मावशी म्हणाली, "पळा, पानी येतंय."

"नुसता अंदाज नको, पुरावा पाहिजे!" मी म्हणालो. पोरं मावशीमागं देवळात पळाली, मी पुराव्याची वाट बघत थांबलो. चौथीतल्या चिंगीच्या वहीत नोंद आहे: 'अंदाज: पाऊस. पुरावा: सर.'

*

मावशीचा नियम, पान तोडण्याआधी झाडाला विचारायचं. माझा नियम, प्रयोग तीनदा करायचा. मला हरितद्रव्याच्या प्रयोगाला पान हवं होतं. चिंगी रिकाम्या हातानं परत आली.

"सर, झाड न्हाई म्हनतंय."

"कशावरून?"

"तीनदा इचारलं. तिन्ही येळा येकच उत्तर!"

मार्क द्यावेच लागले.

*

आणि साहेब आले. उजव्या हातानं वहीत भराभर शेरे लिहीत चालले होते. वाटेत खाजकुइलीच्या मखमली शेंगा दिसल्या.

"सायेब, हात लावू नका, लई आग व्हती," मावशी म्हणाली.

"वैज्ञानिक दृष्टिकोन ठेवा, बाई!" साहेबांनी पेन खिशात ठेवलं आणि दोन्ही हातांनी शेंगा कुरवाळल्या. गेला माझा तास, मी मनात म्हटलं.

मिनिटभरात साहेब नाचायला लागले. मावशीनं ताजं शेण मागवलं. चिंगीनं ते साहेबांच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत थापलं आणि ती थांबली.

"अगं, उजव्याला लाव!"

"न्हाई सायेब, त्यो कंट्रोल हाय. सरांनी शिकवलंय, येकाला औषद द्यायचं, दुसऱ्याला न्हाई. मंग फरक कळतो!"

बाकीची पोरं वही उघडून मिनिटं मोजत बसली. डाव्या हाताची आग आधी थांबली.

तास चालू ठेवायचा आदेश साहेबांनी तिथंच लिहून दिला. तो मी वर्गात फ्रेम करून लावलाय. सही डाव्या हाताची आहे.